पावाचा चौथा वाटा

स्लावाच्या पावाची कणीक मळताना भांडायचं नाही, आवाज चढवायचा नाही, कुणाचं वाईट चिंतायचं नाही, असा ल्युबिंकाच्या सासूचा दंडक होता. सासू जाऊन कैक वर्षं झाली, दंडक मात्र राहिला. दुन्याला हे पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच ल्युबिंकाचे, म्हणजे आपल्या सासूचे, दोन्ही हात मनगटापर्यंत पिठात बुडेपर्यंत ती थांबली आणि मग म्हणाली,

"आई, आम्ही दोघांनी नोकऱ्या सोडल्या."

ल्युबिंकाचे हात थांबले. खिडकीबाहेर अंगणात, बर्फात, लेकाने उन्हाळ्यात विकत घेतलेली टपालखात्याची जुनी पिवळी गाडी उभी होती.

"दोघांनी?" तिने मऊ आवाजात विचारलं.

"दोघांनी. भाड्याची जागाही सोडली, सामान विकून टाकलं. परवा निघतोय. बल्गेरिया, तुर्कस्तान, मग जॉर्जिया. पुढचं पुढे. वर्ष तरी लागेल, कदाचित जास्तही."

"वर्ष," ल्युबिंका म्हणाली. "छान. तुझी औषधांच्या दुकानातली नोकरी. छानच. आणि वुकाशिनची पाणीपुरवठ्यातली कायमची नोकरी, जिच्यासाठी माझ्या दादाने बेलग्रेडमधल्या निम्म्या कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले, तीही. फारच छान, बाळ. आणि राहणार त्या पिवळ्या डबड्यात?"

"हो."

"ती गाडी सुट्टीत फिरायला घेतली, असं सांगितलं होतंत."

"सांगितलं होतं खरं."

"म्हणजे खोटं सांगितलं होतंत. जरा मीठ दे इकडे, राणी."

इतक्या लाडिक आवाजात कुणी कुणाला फैलावर घेतलेलं दुन्याने आयुष्यात ऐकलं नव्हतं. तिने मुकाट मीठ दिलं. ल्युबिंकाने कणीक अशी काही तिंबली, की त्या दिवशी पाव फुगला तो तिच्या रागानेच, असं नंतर बरेच जण म्हणाले.

एक गोष्ट मात्र ल्युबिंकाने सुनेला सांगितली नाही. गेले दोन आठवडे ती गावभर सांगत होती, की यंदा संत निकोलाच्या दिवशी आमचा वुकाशिन स्लावा हाती घेणार. स्लावा म्हणजे कुळाच्या संताचा दिवस. आमच्याकडे या दिवसाचं आमंत्रण कुणालाच जात नाही. ज्याला यायचं तो येतो, आणि यजमानाने दार उघडं ठेवून हजर असावं लागतं. निकोला तर इतक्या घरांचा संत, की त्या दिवशी निम्मा गाव यजमान आणि निम्मा पाहुणा. बापाने स्लावाच्या पावाचा चौथा वाटा चारचौघांसमोर मुलाच्या हातात ठेवला, की पुढल्या वर्षापासून संत मुलाच्या घरी. त्या दिवशी मग आई-बापसुद्धा त्याचे पाहुणे.

ल्युबिंकाचा हिशोब सरळ होता. बेलग्रेडला जाऊन बसलेला पोरगा एकदा का यजमान झाला, की त्याला गावाकडे यावंच लागेल. आता तर पोरगा देशच सोडून निघाला होता. मग तर वाटा द्यायलाच हवा, तिने मनाशी ठरवलं. गावासमोर पाव हातात घेतलेला माणूस जातोय कुठे?

*

ल्युबिंकाचा नवरा रादोये तेव्हा अंगणात त्या गाडीभोवती फिरत होता. बातमी त्याला मुलाने पाच मिनिटांपूर्वी दिली होती. तो संतापला होता, पण उभं आयुष्य ट्रक चालवलेल्या माणसाला चाकाजवळून नुसतं रागावून जाता येत नाही. त्याने एकेका टायरला लाथ घातली.

"मागचा डावा बदल," तो खेकसला. "आणि मला मूर्खपणा पसंत नाही."

"बदलतो," वुकाशिन म्हणाला.

"मी गाडी चालवली ती पोटासाठी. बगदादपर्यंत गेलो, इस्तंबूल तर माझं अंगण होतं. पण मागे घर होतं म्हणून गेलो. तू पोटावर पाय देऊन चाललास! बॅटरी कसली बसवलीस?"

"दोन आहेत. एक घरासाठी."

"कसलं घर? हे घर आहे?" रादोयेने आत डोकं घातलं. आत लाकडी पलंग, त्याखाली कप्पे, इवलीशी शेगडी आणि खिडकीला दुन्याने शिवलेले पडदे. सगळं जागच्या जागी होतं. काम चांगलं झालंय, असं जिभेवर आलेलं त्याने गिळून टाकलं. "कोंबड्यांचा खुराडा बरा याच्यापेक्षा."

"बाबा, तिथे ऑफिसात मी दिवसभर काय करायचो, ठाऊक आहे? गळक्या नळांच्या तक्रारी एका साहेबाकडून दुसऱ्या साहेबाकडे पाठवायचो. नळ गळतच राहायचे. दुन्या रात्री आठला यायची आणि बोलण्याइतकंही त्राण नसायचं. एकदा आम्ही दिवसभरात बोललेली वाक्यं मोजून पाहिली... जाऊ द्या. आम्ही चाळिशीच्या आत आहोत आणि म्हाताऱ्यांसारखे गप्प बसायला लागलो होतो."

तेवढ्यात फाटकातून स्रेतेन मामा आले. ल्युबिंकाचा हा थोरला भाऊ जिल्ह्याच्या कचेरीतून निवृत्त झाला होता, पण त्याच्या चालण्यातून कचेरी काही गेली नव्हती. बातमी त्याला फाटकातच लागली होती. खेड्यात बातमीला बूट घालावे लागत नाहीत.

"नमस्कार, प्रवासी!" मामा गरजले. "माझ्या नाकावर टिच्चून?"

"मामा, तुमचे उपकार मी विसरलो नाही."

"उपकार विसर रे! मी ज्यांच्या दारात उभा राहिलो, ते विसरणार आहेत का? लोक मुलाला पाणीपुरवठ्यात चिकटवायला जमिनी विकतात आणि हा उठतो नि म्हणतो, सोडली! दाजी, तुम्ही गप्प का?"

"मी गप्प नाही," रादोये म्हणाला. "मी टायर बघत होतो."

"बघताय काय? आज वाटा द्यायचाय ना? मग आधी राजीनामा मागे घ्यायला लावा. तिथले साहेब माझ्या ओळखीचे आहेत. सोमवारी फोन केला, की काम फत्ते. राजीनामा मागे तर पाव पुढे. नाहीतर चौथा वाटा कुत्र्याला घाला."

"कसला वाटा?" वुकाशिनने विचारलं. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं.

दोघं मेव्हणे एकमेकांकडे बघायला लागले. रादोयेला ही तोड बरी वाटली. रागावणं त्याला जमत होतं, पण पोराला थांबवायचं कसं, ते ठाऊक नव्हतं. आता हत्यार आयतं मिळालं होतं.

"ठरलं," तो म्हणाला. "घर असेल तर वाटा. घर नाही तर संत नाही."

*

दुपारपर्यंत पाहुण्यांनी घर भरलं. उपासाचे दिवस, म्हणून मटण नाही, दूध नाही, अंडं नाही. पण कांद्यात भाजलेला घेवडा, कोबीच्या पानांत गुंडाळलेला भात आणि तळलेला मासा इतका होता, की उपास लाजून कोपऱ्यात बसला असेल. वुकाशिन स्लावा घेणार म्हणून यंदा गर्दी नेहमीपेक्षा जास्त. राकियाचे, घरच्या फळांच्या दारूचे, प्याले फिरत होते आणि कुजबुज त्याहून वेगाने फिरत होती.

पाद्री गाव्रिलो आले तसे सगळे उठून उभे राहिले. उंच मेणबत्ती पेटली. प्रार्थना झाली. रादोये, वुकाशिन आणि पाद्री यांनी पाव हातात धरून गोल फिरवला, खालून फुलीसारखा कापला, त्यावर लाल वाइन ओतली. दुन्या दाराशी उभी होती. तिच्या माहेरी स्लावा नव्हती. आई एका धर्माची, बाप दुसऱ्या धर्माचा, आणि दोघांचाही देवावर विश्वास नाही. या घरात आली तेव्हा दार दिवसभर उघडं राहतं आणि कुणीही आत येऊन बसतं, याचं तिला फार नवल वाटलं होतं. ते नवल अजून सरलं नव्हतं.

"तर मग," शेजारची देसांका म्हातारी म्हणाली, "पोराला त्याचा वाटा द्या. आम्ही तेवढ्यासाठी गुडघे दुखवत आलोय."

रादोयेने घसा साफ केला. "वाटा घराला असतो," तो म्हणाला. "ज्याला घर आहे, त्याला. माझ्या मुलाने नोकरी सोडली, घर सोडलं. परवा ही दोघं त्या गाडीत बसून जगाच्या पाठीवर कुठेतरी निघालीत. रस्त्यावरच्या माणसाला घर नसतं. त्याला मी संत देणार नाही. राजीनामा मागे घेतला, तर आत्ता देतो."

खोलीत एकच कल्ला झाला. स्रेतेन मामा समाधानाने मिशी कुरवाळत होते. वुकाशिनचा चेहरा पडला. तो म्हणाला, "बाबा, मी मागितलाच नव्हता. राहू दे."

"मी मागते," दुन्या म्हणाली.

सगळ्या माना वळल्या. सून अशा वेळी बोलत नसते. पण दुन्याचं तोंड उघडलं ते उघडलंच.

"बाबा, बेलग्रेडला आम्हाला घर होतं. पाचवा मजला, दोन खोल्या, दाराला तीन कड्या. सात वर्षांत न सांगता कुणी आलं नाही. बेल वाजली की आम्ही दचकायचो. त्याला तुम्ही घर म्हणता. पिवळ्या गाडीचं दार आम्ही जिथे थांबू तिथे उघडणार आहोत. मला वर्षातून एक दिवस तरी न बोलावलेले पाहुणे हवेत. मला हा संत हवाय. याच्यासाठी नाही, माझ्यासाठी."

"बाई बोलायला हुशार आहे," मामा म्हणाले. "पण संताला चाकं नसतात."

पाद्री गाव्रिलो हसले. "तसं पाहिलं तर निकोला वाटसरूंचाच कैवारी. खलाशी, गाडीवान, सगळे त्यालाच हाक मारतात."

"तेच तर मी म्हणत होतो नेहमी!" रादोयेच्या तोंडून निघून गेलं. "मी सीमेवर अडकलो की म्हणायचो, निकोला बघून घेईल."

एवढंच तो बोलला आणि ल्युबिंकाच्या हातातली ताटली टेबलावर आपटली.

पाव आता भट्टीतून काढून कितीतरी वेळ झाला होता, त्यामुळे आवाज चढवायला दंडकाची आडकाठी नव्हती. पण तिचा आवाज चढला नाही. तिला स्वतःलाच नवल वाटलं. पोराला बांधून ठेवायला तिने हा दिवस रचला होता आणि नवरा तेच करत होता. मग आपल्याला एवढा राग कशाचा आला?

"रस्त्यावरच्या माणसाला घर नसतं?" तिने विचारलं. "पुन्हा म्हण, रादोये."

"अगं, मी याच्याबद्दल..."

"बावीस वर्षं तू रस्त्यावर होतास. त्यातल्या निकोलाच्या किती दिवशी तू या घरात होतास? मी सांगते. पाच. बाकीच्या वेळी कधी बगदाद, कधी म्युनिक, कधी सीमेवरची रांग. तुझ्या पाहुण्यांना दार कुणी उघडलं? मेणबत्ती कुणी लावली? पाव कुणी कापला? सांगा, पाद्रीबाबा, तुमच्यासोबत पाव कुणी धरला होता?"

"तू," पाद्री म्हणाले. "पोर काखेत, आणि पाव हातात."

"तेव्हा मी सगळ्यांना सांगत होते, रादोये घरीच आहे, फक्त दूर आहे. हे त्याचं घर आहे. आणि आज हा म्हणतो, रस्त्यावरच्याला घर नसतं. मग मी बावीस वर्षं कुणाचं घर सांभाळलं?"

रादोयेने टेबलावरची मेणबत्ती उगाच सरळ केली.

"वाटसरूंना निकोला आहे," ल्युबिंका म्हणाली. "मागे राहिलेल्यांना कुणी नेमलेला नाही. मला रस्त्याचा राग नव्हता रे. मला मागे राहण्याचा राग होता. सकाळी ही पोरगी म्हणाली, आम्ही दोघांनी सोडली, आम्ही दोघं निघालो. दोघं, दोघं. मी इतकी चिडले, की कणीक फाटेल असं वाटलं. आता कळलं, चिडले नव्हते. जळले होते."

तिने टेबलावरची सुरी उचलली.

"ल्युबिंका!" मामा ओरडले. "हे पुरुषांचं काम आहे. वाटा बाप देतो मुलाला. रीत आहे!"

"दादा, रीत मला शिकवू नकोस. मी रीत पाळत होते तेव्हा तू कचेरीत चहा पीत होतास."

"पाद्रीबाबा, तुम्ही तरी सांगा हिला!"

पाद्री गाव्रिलोंनी दाढीवरून हात फिरवला. "स्रेतेन, इतकी वर्षं हिने कापलेल्या पावाला मीच आशीर्वाद दिला. तो पाव खोटा होता असं आज म्हणालो, तर तुम्ही सगळ्यांनी खाल्लं ते काय?"

देसांका म्हातारी खदखदून हसली आणि तिच्यामागे अर्धी खोली. ल्युबिंकाने वाइनने लाल झालेल्या पावाचा चौथा वाटा मोडला. सुरीची गरजच पडली नाही, तरी ती तिने हातातून ठेवली नाही. लेकाला ओलांडून ती सुनेसमोर गेली.

"घे पोरी. दार उघडं ठेव. आलेल्याला उपाशी पाठवू नकोस. आणि हा एकटा पुढे जातो म्हणाला, तर ऐकू नकोस. दोघं गेलात तरच हा पाव लाभेल."

दुन्याने दोन्ही हात पुढे केले. तिने सासूला मिठी मारली तेव्हा सुरी कुणीतरी हळूच काढून घेतली.

*

पुढे जे झालं ते कुणी ठरवलेलं नव्हतं. देसांका म्हातारी काठी टेकत उठली. "आता स्लावा यांची," ती म्हणाली. "मग आपण या परक्या घरात काय करतोय? यजमानाकडे चला!"

आणि सगळी वरात अंगणात निघाली. घेवड्याची भांडी, माशांची ताटं, राकियाच्या बाटल्या, सगळं बर्फातून पिवळ्या गाडीकडे. गाडीत एका वेळी चार माणसं मावत होती आणि ती चारही खोकली की गाडी हलायची. पाहुणे असताना यजमानाने बसायचं नाही, ही रीत. वुकाशिन उंचापुरा, छत बुटकं. बिचारा मान वाकडी करून, प्याले भरत, तासभर कमानीसारखा उभा होता.

"कसं वाटतंय यजमान होऊन?" कुणीतरी विचारलं.

"मान गेली," तो म्हणाला आणि इतक्या मोकळेपणाने हसला, की दुन्या बघतच राहिली. बेलग्रेडमध्ये हे हसणं तिने कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं. तिने कॉफीच्या कपात गहू भरून त्यात मेणबत्ती रोवली होती आणि पडदा जळू नये म्हणून एका हाताने धरून ठेवला होता.

स्रेतेन मामा बराच वेळ अंगणातच तोंड फुगवून उभे होते. पण स्लावाला दारात येऊन न जेवता जाणं म्हणजे वैर, आणि थंडीही मी म्हणत होती. शेवटी ते आले, पलंगाच्या कडेवर टेकले.

"नोकरीचं मी माफ केलेलं नाही," ते म्हणाले.

"बरं, मामा."

"पलंग भक्कम आहे मात्र." त्यांनी दुसरा प्याला पुढे केला. "आणि सीमेवर कुणी त्रास दिला तर मला फोन कर. तिकडेही माझी ओळख निघेल."

रादोये केव्हाच चालकाच्या जागेवर जाऊन बसला होता आणि कुणी काही म्हटलं तरी उठत नव्हता. गिअर हलवून बघत होता. लेकाने मागून त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तर तो समोर बघतच म्हणाला, "दुसरा गिअर जड आहे. उद्या मी बघतो." त्याच्या बाजूने एवढीच माफी होती आणि वुकाशिनला ती पुरली.

ल्युबिंका सगळ्यात शेवटी आली. दारात थांबून तिने बुटांवरचा बर्फ झटकला, परक्या घरी जाताना झटकतात तसा.

"स्लावाच्या शुभेच्छा, यजमान."

"या, आई. बसा," दुन्या म्हणाली आणि तिने प्याला भरून पुढे धरला.

ल्युबिंका बसली. तिने एक घास खाल्ला. मग म्हणाली, "पुढच्या वर्षी निकोलाला कुठे असाल?"

वुकाशिन अडखळला. त्याला वाटलं, आता रडणार ही. "जॉर्जियात, बहुतेक. डोंगरात कुठेतरी. आई, आम्ही फोन करू, आणि त्या दिवशी..."

"फोन कशाला? स्लावाला बोलावणं नसतं. मी येणार."

ही बाई जवळच्या वाल्येवो शहराच्या पलीकडे, बेलग्रेड सोडून कुठे गेली नव्हती, हे सगळ्यांना माहीत होतं. मामांचा घास तोंडातच राहिला. चालकाच्या जागेवरून रादोये पहिल्यांदा मागे वळला.

"तू? जॉर्जियाला? तुला रस्ता तरी ठाऊक आहे का?"

"मला कशाला ठाऊक हवा?" ल्युबिंकाने प्याला उंचावला. "तू बावीस वर्षं काय शिकलास मग? आता ने मला."